मधली काच

वैशाख लागला की मला माणसं नकोशी होतात. थंडीत मी बरी असते, पावसाळ्यात तर चक्क गोड बोलते. पण एकदा का कडुलिंबाचा मोहर गळून अंगणात सडा पडला, अकरालाच दारं लोटून घ्यायची वेळ आली आणि नव्या माठाचा मातकट वास पाण्याला यायला लागला, की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, म्हातारीला ऊन बाधतं. म्हणू द्या. ऊन मला कधीच बाधलं नाही. मला तो एक उन्हाळा आठवतो, त्यातली माणसं आठवतात, आणि त्यातल्या एकालाही मी अजून सोडलेलं नाही.

यंदा त्यात नातीनं भर घातली. सुटीला वाशीमला आली ती मांडीवर कॉम्प्युटर घेऊनच. ऑफिसात काहीतरी सादर करायचं होतं. "आजी, तू चित्रकला शिकवायचीस ना? सांग बरं, यातली कोणती छान दिसते?" मी चष्मा लावून पाहिलं. निळा रंग आणि त्यावर दोन शब्द, बाकी सगळं मोकळं. मी म्हटलं, यात तर काहीच नाही. ती हसली. "असंच असतं गं. ही दोन भागांच्या मधली स्लाइड. एक विषय संपला, दुसरा सुरू होतो, तर लोकांना जरा थांबायला जागा." मी म्हटलं, "लोक थांबत नसतात. उठून जातात." आणि आत निघून आले. तिला वाटलं, आजी रुसली. रुसले होतेच, फक्त तिच्यावर नव्हते.

स्वातंत्र्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी बसून बाबांचं ऐकायची, म्हणजे लग्नाचं. त्या दिवसांत गावोगाव सुधारणेची व्याख्यानं व्हायची, जादूच्या कंदिलावर. पत्र्याची पेटी, आत पेट्रोमॅक्सचा दिवा, पुढे भिंग आणि मधे एक लाकडी चौकट. त्या चौकटीत तळहाताएवढी काच सरकवली की तिच्यावरचं चित्र समोरच्या पांढऱ्या पडद्यावर भिंतीएवढं होऊन पडायचं. आजकालच्या पोरांना यात काय विशेष वाटणार? आमच्याकडे त्यासाठी माणसं लवकर जेवून यायची.

व्याख्यान द्यायचे ते दाणी साहेब. नागपूरचे, इस्त्रीचे, वरण जरा तिखट झालं तरी घाम पुसणारे. त्यांच्या व्याख्यानाचे भाग तीन: खत, पाणी आणि शाळा. काचा वरूनच तयार यायच्या, फोटोंच्या, काळ्यापांढऱ्या. पण साहेबांना त्यानं समाधान नव्हतं. प्रत्येक भागाच्या आधी त्यांना एक वेगळी काच हवी होती, हातानं रंगवलेली. वर भागाचं नाव आणि खाली इथलंच एखादं दृश्य. "तेवढ्यात मी पाणी पितो, कागद उलटतो, आणि लोकांचं मन ताजं होतं," असं ते शाळेत येऊन डोळे मिटून सांगत होते. मन ताजं म्हणे! मी त्यांना एवढंच विचारलं की तुमच्या दौऱ्यात अमुक एक गाव आहे का. आहे म्हणाले. मग मी काम घेतलं.

ते गाव माझ्या ताईचं होतं. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे बैलगाडी. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले आजही भांडायला येतील, आणि मीही काही कमी नाही. गावाला पाणी एकाच बावडीचं. पायऱ्यांची जुनी विहीर, कडेला सात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड. बाया पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागरी भरायच्या. उन्हाळ्यात पाणी खाली जाई, तशा गुडघाभर पाण्यात जायच्या. आणि दर उन्हाळ्यात त्या गावात घराघरांतून नारू निघायचा.

नारू आता कोणाला ठाऊक नाही, बरं आहे. त्या साली पाडव्याला मी ताईकडे गेले तर ती ओसरीवर पाय पसरून बसली होती. घोट्याच्या वर फोड, आणि फोडातून पांढरा दोरा बाहेर आलेला, शिवणाच्या दोऱ्यासारखा. ताई तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीला गुंडाळत होती. रोज थोडा ओढायचा, थोडा गुंडाळायचा, तुटला तर पाय भोपळ्यासारखा सुजायचा. मी जवळ वाकून पाहिलं तर त्या दोऱ्याला टोक होतं आणि ते टोक हलत होतं. मागच्या वर्षी दुसऱ्या पायाला निघाला होता. आग फार व्हायची म्हणून ती त्याच पायानं बावडीत उतरायची, पाय पाण्यात बुडवायची, आणि तेच पाणी भरून घरी आणायची. अख्खं गाव तेच करायचं. नारू पाण्यातून येतो, दुहेरी फडक्यानं पाणी गाळलं तर येत नाही, एवढं मला शाळेत कळलं होतं. मी ताईच्या सासूकडे गेले.

"मावशी, घागरीच्या तोंडाले फडकं बांधा. दुहेरी. बस, येवढंच करा."

"आसराच्या पान्याले फडकं?" ती सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "देवीचं पानी गाळतेत? हेच शिकून राह्यली का तू शाळंत? उद्या म्हनशीन, देवीले साबन लावा."

"मंग ताईच्या पायाचं काय?"

"तिच्या पायाचं तिनं पाहावं. दोन वर्सं झाले, बसून खाऊन राह्यली. वेचनीले नाही, निंदनाले नाही. माह्या पोराले काय दुसरी भेटत नाही?"

हे ती ताईच्या देखत बोलली. ताईनं मान वर केली नाही. काडी फिरवत राहिली. माझ्या मस्तकात तिडीक गेली ती तिथे. एका फडक्यापायी माझ्या बहिणीचा पाय जाणार होता, आणि पायापायी घर जाणार होतं. म्हणून दाणी साहेब शाळेत आले तेव्हा मला वाटलं, देव पावला. मी सांगून ऐकत नाहीत, पण पडद्यावर दिसलं, साहेबानं सांगितलं, की ऐकतील.

काचा रंगवणं मला आवडलं, हे खोटं कशाला बोलू. काच चुन्यानं घासायची, मऊ धोतराच्या तुकड्यानं पुसायची, मग डिंकाच्या पाण्यात शाईची पूड कालवून अगदी केसाएवढ्या कुंचल्यानं रंग भरायचा. जाड रंग चालत नाही. खरा शेंदूर लावला तर दिव्यापुढे तो काळा डाग दिसतो. तांबडी आणि पिवळी शाई पातळ करून एकावर एक चढवली तर पेटल्यासारखा भगवा उजळतो. बाबा ओसरीतून ओरडायचे, "काचा पुसून कोणाचं भलं झालंय का?" आणि मी आतून ओरडायची, "पोरी उजवून झालंय का?" त्या घरात त्या उन्हाळ्यात कोणीच कोणाशी धड बोलत नव्हतं.

'पाणी' या भागासाठी मी साहेबांना म्हटलं होतं, नारूचा पाय काढते. ते दचकले. "छे छे, बाई! मधली काच म्हणजे स्वागत. पाहुणे दारात आले की आपण त्यांना फोड दाखवतो का? घाण पुढच्या काचांत आहेच. तुम्ही बावडी काढा. पायऱ्या, घागर घेतलेली बाई, ते शेंदूर लावलेले दगड. लोकांना आपलं वाटलं पाहिजे." मी म्हटलं, लोकांना ते आपलंच वाटतं, तीच तर अडचण आहे. "मी सांगतो ते काढा," म्हणाले. काढलं. वाईट काढता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढं मला कधी जमलं नाही.

एरवी मी दौऱ्यावर जायची नाही, पण ताईच्या गावी बहिणीचं घर म्हणून बाबांनी सोडलं. गाडीनं जऊळका, तिथून बैलगाडी, पेटी मांडीवर धरून रहीमभाई. रहीमभाईंचं वाशीमला पेट्रोमॅक्स दुरुस्तीचं दुकान होतं आणि पेटी त्यांची स्वतःची होती. लू अशी वाहत होती की साहेबांनी डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला आणि तो गावाची वेस येईस्तोवर वाळून कडक झाला. दिवेलागणीला दोन कडुलिंबांच्या मधे पडदा ताणला. गाव जमलं, बाया एका अंगाला. ताई घरी खाटेवर होती, तिला पाय टेकवत नव्हता.

खताचा भाग झाला. राखाडी फोटो, राखाडी खड्डा, कोणाला काही उमगलं नाही. पारावर दोघं घोरत होते. मग साहेब म्हणाले, "आता दुसरा भाग," आणि माझी काच लागली.

पडदा पेटल्यासारखा झाला. मग बायांच्या बाजूनं एकच गलका, "अवो, आपली बावडी!" "आसरा पाह्य, आसरा! कशा उजयल्या माय!" साहेबांची छाती फुगली. ते सावकाश पाणी प्यायले. ते पाणी पीत होते तोवर ताईची सासू उठली, घरी जाऊन ताट घेऊन आली. पडद्याला कुंकू लावलं. तिच्यामागे बाकीच्या आल्या. निरांजनं ओवाळली, आरती म्हटली, गूळ-फुटाणे वाटले, साहेबांच्या हातावरही ठेवले. आणि सगळी माणसं उठून चालायला लागली.

कारण आरती झाली होती. पोथी असो, भजन असो, आरती झाली की कार्यक्रम संपला. त्यानंतर कोणी बसत नाही, बसलं तर बाकीचे विचारतात, काय झालं म्हणून. दाणी साहेब ओरडतायत, "बसा, बसा, अजून पुष्कळ आहे!" तर एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "आरती झाली ना बाप्पा. आता काय राह्यलं?" नारूच्या काचा साहेबांनी तरीही दाखवल्या, नियमानं सगळ्या दाखवल्या. मैदानात मी, रहीमभाई आणि फुटाणे शोधणारं एक कुत्रं.

सकाळी चहा पिताना साहेब म्हणतात, "काय भाव हो लोकांचा! मधल्या काचेनं जिंकलं." मी म्हटलं, "साहेब, एक बाई नारूच्या काचेपर्यंत थांबली नाही." तर म्हणे, विषयाची सुरुवात मनात रुजली, हेही थोडं नाही. कपातला चहा गरम होता आणि माझा हात शिवशिवत होता. अजूनही कोणी मला भाव वगैरे शब्द ऐकवले की हात शिवशिवतो.

ताईकडे गेले तर ती खाटेवरून हळूच म्हणाली, "तुह्या चित्रानं सासूबाई लय खूश हायेत. म्हंते, आसरानं दर्शन देल्लं, आता फडक्याचं नाव काढाचं नाही." मग थांबून म्हणाली, "अन् पोरगी पाहाले जाऊन राह्यले, सुमे. तुह्या भाऊजीसाठी. अमावास्या झाली की." रडली नाही. तिचं रडणं कधीच संपलं असावं. मी मात्र बैलगाडीत पूर्ण रस्ता रडले, रागानं, आणि साहेब समजले की बहिणीला सोडून जाताना मला वाईट वाटतंय.

आज स्वयंपाकघरात पाणी गाळायचं यंत्र आहे. त्याचा दिवा लुकलुकतो, नात बटण दाबते आणि पेला भरून घेते. कोणाच्या देवाचा अपमान होत नाही. मी तिथे उभी राहते आणि उगाच त्या यंत्रावर चिडते. इतकं सोपं होतं तर मग आम्हाला एवढा छळ कशासाठी, असं कोणाला तरी विचारावंसं वाटतं.

त्याच उन्हाळ्यात पुढे झालं काय, की ताईच्या गावाकडूनच बोलावणं आलं. आसरा पुन्हा दाखवा, आजूबाजूच्या गावचीही माणसं येणार आहेत. साहेबांना आकाश ठेंगणं झालं. मी घरी जाऊन नवी काच घेतली, घासली, आणि ताईचा पाय काढला. मुद्दाम ताईचाच. घोट्यावरचं विंचवाचं गोंदण, मधल्या बोटातली जोडवी, टाचेची भेग, फोड, दोरा, काडी. कोणाचाही पाय काढला असता तर लोकांनी 'असतो बाप्पा कोणाकोणाला' म्हणून सोडून दिलं असतं. त्या गावात तसलं गोंदण एकीच्याच पायावर होतं, आणि ते मला ठाऊक होतं. वर सुबक अक्षरांत लिहिलं: पाणी.

रहीमभाईंना काच दिली तेव्हा त्यांनी ती उन्हात धरून पाहिली. "बाई, हा कोनाचा तरी खराच पाय हाय."

"माझ्या बहिणीचा."

"साहेबानं इचारलं तं?"

"माझं नाव सांगा."

"नाव कायले सांगू? पेटी माही हाय." त्यांनी काच रुमालात गुंडाळून खिशात टाकली.

त्या संध्याकाळी बाया ताटं घेऊनच आल्या. निरांजनात तेल, वाती, कुंकू, सगळं तयार. आणि भाऊजी ताईला पाठीवर घेऊन आले. सासूचाच हुकूम, की आसरांचं दर्शन झालं तर पाय सुटेल. तिला पुढेच बसवलं. रहीमभाईंना नको म्हणावं असं एकदा मनात आलं. म्हटलं नाही.

खत संपलं. "आता दुसरा भाग," साहेब म्हणाले आणि लोट्याला तोंड लावलं. बायांनी वाती पेटवल्या. पडद्यावर पाय आला. लिंबाच्या शेंड्याएवढा पाय, आणि त्यातून लोंबणारा दोरा.

कोणाच्या तरी हातातलं ताट पडलं. मग एक बारीक आवाज, "हा तं वच्छीचा पाय हाय!" सगळी डोकी ताईकडे वळली. ताईनं लुगडं ओढून पाय झाकला, पण समोर तो भिंतीएवढा उघडाच होता. साहेबांना ठसका लागला. "काढा ती! काढा ती काच!"

"फसली साहेब," रहीमभाई म्हणाले. "गरमीनं चौकट वाकली. जोर लावला तं फुटन."

आणि खरी गंमत पुढेच. कोणी उठेना. आरती झाल्याशिवाय उठायचं कसं? आणि त्या पायाला आरती ओवाळायची कशी? ताटं हातात, वाती जळतायत, सगळे जागच्या जागी खिळलेले. सासू उभी राहून शिव्या देत होती, मला, साहेबांना, शाळेला. मग एकीनं विचारलं, "असा आतून येते का थो?" दुसरी म्हणाली, "माह्या पोराच्या मांडीतून असाच निघाला होता." तिसरीनं नवऱ्याचं सांगितलं. जो तो आपल्या घरातला नारू सांगायला लागला, आणि साहेबांना कागदात नसलेलं बोलावं लागलं. पाय पाण्यात बुडतो, किडा पाण्यात सुटतो, तेच पाणी घागरीत येतं. त्या एका दिवशी तो माणूस धड बोलला. वाती विझल्या तेव्हा लोक उठले.

मी ताईजवळ गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं. असं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"सुमे, मले मारलं असतं तं चाललं असतं. तू माहा पाय साऱ्या गावाले दाखवला. आजपासून माह्यासाठी तू मेली."

भाऊजींनी तिला पाठीवर घेतलं. ती मला आत ये म्हणाली नाही. मी पेटीजवळ बैलगाडीत रात्र काढली.

सकाळी ताईची सासू बावडीवर गेली. तिनं आपलंच जुनं लुगडं टरकावून दुहेरी फडकं घागरीला बांधलं होतं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली, "पाहून घ्या! आमच्या घरचा पाय पुन्हा कोनाच्या पडद्यावर दिसाचा नाही!" देवीची माफी मागितली आणि पाणी गाळून घेतलं. चार दिवसांत घरोघर फडकी लागली. पुढचा पाय आपला असेल ही धास्ती. मी गावोगाव पाय काढत हिंडते अशी आवई उठली, आणि पुढे कितीतरी दिवस जऊळक्याच्या स्टेशनावर मला पाहिलं की बाया लुगडं ओढून पाय झाकायच्या. भाऊजींसाठी पाहिलेल्या मुलीच्या बापानं नकार कळवला. ज्या घरचा नारू पडद्यावर आला त्या घरात कोण पोरगी देणार? दाणी साहेबांनी मला कामावरून काढलं. मी त्यांना काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताईच्या पायातून काही निघालं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हे मला भाऊजींकडून कळलं. ताई माझ्याशी बोलली नाही. राग ओसरेल, म्हणून मी एक वर्ष वाट पाहिली, दोन पाहिली. मग मलाही राग आला, आणि आमच्या घरात राग कोणी सहज खाली ठेवत नाही.

बऱ्याच वर्षांनी शिरपूरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, वैशाखातच. भर दुपारी मांडवाच्या दारात मी गुलाबपाणी शिंपडत उभी होते. बसथांब्यावर ताईसाठी गाडी पाठवली होती, पण ती रिकामीच परत आली. मागून ताई चालत येत होती. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं, पावलं ताडताड. मी म्हटलं, "ताई." तिनं गुलाबपाण्यासाठी हात पुढे केला नाही. माझ्या बाजूनं गेली आणि ओसरीच्या उंच पायऱ्या कशालाही न धरता चढली. घोट्यावर विंचू होता, त्याच्या शेजारी जुना वण होता, आणि मी ती आत दिसेनाशी होईपर्यंत तिथेच बघत राहिले. कोणीतरी म्हणालं, अहो, पाहुणे थांबलेत.

ती मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि मरेपर्यंत आपल्या पायांनी हिंडली. नातलग म्हणतात, आता तरी वाईट वाटून घे. वाटतं ना, रोज वाटतं, वैशाखात जरा जास्तच. पण आज जर कोणी माझ्या हातात घासलेली काच दिली, तर मी तोच पाय पुन्हा काढीन, गोंदणासकट.